नेपच्यूनपल्याडचे बर्फाळ पिंड कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमके काय शोधले जाते?

सूर्यापासून ३० खगोलीय एककांच्या पुढे फिरणारे, बर्फ आणि खडक यांचे बनलेले पिंड. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. या पिंडांची सर्वांत दाट वस्ती ४२ ते ४७ एककांच्या दरम्यान आहे. प्लूटो १९३० मध्ये सापडला. त्यानंतरचा पिंड मिळायला १९९२ साल उजाडले. डेव्हिड ज्युविट आणि जेन लू यांनी हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या २.२ मीटर दुर्बिणीतून तो टिपला आणि त्याचे नाव पुढे अल्बियन पडले. मधल्या ६२ वर्षांत पिंड तिथेच होते. कमी पडत होती ती संवेदकांची ताकद. फोटोग्राफिक काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम काही टक्के भाग नोंदवते, सीसीडी (डिजिटल कॅमेऱ्यातला प्रकाशसंवेदक) ८० ते ९० टक्के नोंदवते.

हे पिंड इतके अंधूक का असतात?

प्रकाशाला दोनदा प्रवास करावा लागतो. सूर्याचा प्रकाश पिंडापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाने विरळ होतो आणि परतताना पुन्हा तसाच. त्यामुळे तेजस्विता अंतराच्या चौथ्या घाताने घसरते. अंतर दुप्पट झाले की पिंड १६ पट, म्हणजे ३ प्रतींनी अंधूक होतो. (दृश्यप्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक, ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट.)

एक हिशोब करून पाहू. पिंड सूर्यापासून ४३ आणि पृथ्वीपासून ४२ एककांवर आहे आणि २४ व्या प्रतीचा दिसतो. दोन्ही अंतरांच्या गुणाकाराचा लॉगरिदम घेऊन त्याची पाचपट केली की १६.३ येतात. ते २४ मधून वजा केले की निरपेक्ष प्रत (पिंड सूर्य आणि पृथ्वी दोघांपासून एकेक एककावर असता तर दिसली असती ती) ७.७ मिळते. व्यासाचे सूत्र असे:

व्यास (किमी) = (१३२९ ÷ √परावर्तनक्षमता) × १०^(−निरपेक्ष प्रत ÷ ५)

पृष्ठभाग १० टक्के प्रकाश परावर्तित करत असेल, तर व्यास सुमारे १२० किमी येतो. ४ टक्के धरले तर १९०, १५ टक्के धरले तर १००. म्हणून एखाद्या नव्या पिंडाचा व्यास छातीठोकपणे एकाच आकड्यात सांगितलेला दिसला, तर आधी विचारावे की परावर्तनक्षमता मोजली आहे की गृहीत धरली आहे. बहुतेक वेळा ती गृहीत धरलेली असते.

फोटोतला ठिपका तारा नसून पिंड आहे हे कशावरून ओळखतात?

तो सरकतो यावरून. पिंड कक्षेत सावकाश चालतो, पण पृथ्वी सेकंदाला ३० किमी वेगाने धावते. त्यामुळे दिसणारी चाल मुख्यतः आपल्या धावण्याची, म्हणजे पराशयाची असते. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे प्रतियुतीला, पृथ्वी पिंडाला मागे टाकते आणि पिंड वक्री चालताना दिसतो. त्या वेळी वर्तुळाकार कक्षेसाठी ही चाल अगदी साध्या सूत्राने काढता येते:

ताशी विकला = १४८ × (१ − १/√अंतर) ÷ (अंतर − १)

इथे अंतर खगोलीय एककांत घ्यायचे. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आकडे घालून पाहा:

- २.७ एकक (मुख्य लघुग्रह पट्टा): ताशी ३४ विकला
- ३० एकक: ४.२
- ४३ एकक: ३.०
- ९० एकक: १.५
- ३०० एकक: ०.४७

या पाच ओळींवर सगळा शोध उभा आहे. चाल मोजली की कक्षा ठाऊक नसतानाही अंतराचा अंदाज येतो. लघुग्रहांचा वेग दहापट जास्त असल्याने ते आपोआप वेगळे पडतात. क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लूटो शोधताना नेमका याच गोष्टीचा आधार घेतला होता. २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या काचा ब्लिंक कम्पॅरेटरवर आलटून पालटून पाहताना १८ फेब्रुवारीला त्यांना सरकणारा ठिपका दिसला.

मग वेगाची मर्यादा घालून संगणकावर सोडून द्यायचे?

मर्यादा घालावीच लागते, पण ती कुठे घातली यावर काय हाती लागणार आणि काय निसटणार हे ठरते. एरिस या दूरच्या पिंडाचे छायाचित्र कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सॅम्युएल ऑस्चिन दुर्बिणीने २१ ऑक्टोबर २००३ रोजी घेतले होते. खोटे ठिपके कमी व्हावेत म्हणून त्या प्रकल्पाची आज्ञावली ताशी १.५ विकलांपेक्षा मंद असलेले सगळे काही टाकून देत होती. एरिस तेव्हा सुमारे ९७ एककांवर होता. वरच्या सूत्राने त्याची चाल १.४ च्या आसपास येते, त्यामुळे तो चाळणीतून खाली पडला. पुढच्याच महिन्यात त्याच दुर्बिणीवर सेडना (असाच एक दूरचा पिंड) सापडली. तिची चाल मर्यादेच्या जेमतेम वर होती. तेव्हा मर्यादा खाली आणून जुनी माहिती पुन्हा चाळली गेली आणि ५ जानेवारी २००५ रोजी एरिस हाती लागला.

वेगाची खालची मर्यादा प्रत्यक्षात दोन गोष्टींनी ठरते: पहिल्या आणि शेवटच्या फोटोत किती वेळ गेला, आणि ताऱ्याची प्रतिमा किती पसरली आहे. तीन तासांत प्रतिमेच्या रुंदीइतकेही न सरकणारा पिंड त्या रात्री ताराच समजायचा.

आकाशाचा कोणता भाग, आणि कधी?

आयनिकवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) आसपास, प्रतियुतीच्या बिंदूजवळ, अमावास्येच्या मागेपुढे.

प्रतियुतीचा आग्रह कशासाठी? प्रत्येक बाह्य पिंड दर प्रतियुतीच्या आगेमागे दोनदा स्तंभी होतो, म्हणजे सरळ चालीतून वक्री किंवा वक्रीतून सरळ होताना काही दिवस जवळपास थांबतो. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या बिंदूपासून सुमारे ५५ अंशांवर असताना स्तंभी असतो. त्या भागात फोटो घेतले, तर ताशी ३ विकला सरकणारा लघुग्रह आणि ४३ एककांवरचा बर्फाळ पिंड एका रात्रीत वेगळे सांगता येत नाहीत. शिवाय अशा भोंदू पिंडांची संख्या खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. प्रतियुतीपासून १५-२० अंशांच्या आत राहिले, तर ही डोकेदुखी उद्भवत नाही.

आकाशगंगेचा पट्टा आयनिकवृत्ताला धनू आणि मिथुन राशींकडे छेदतो. तिथे तारे इतके दाट असतात की पिंड सतत कुठल्या ना कुठल्या ताऱ्यावर बसलेला सापडतो. जमेल तर हा भाग टाळावा. न्यू होरायझन्स यानासाठी प्लूटोनंतरचे लक्ष्य शोधणाऱ्यांना ही मुभा नव्हती, कारण यानाची वाट धनू राशीतूनच जात होती. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना योग्य वाटेवरचा पिंड मिळाला नाही. शेवटी जून २०१४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने ॲरोकॉथ हा पिंड शोधला.

फक्त आयनिकवृत्ताजवळच पाहिले, तर जास्त कललेल्या कक्षांचे पिंड हुकतात. ते आयनिकवृत्त ओलांडतात, पण तिथे फार कमी काळ असतात. काही क्षेत्रे मुद्दाम १०-२० अंश वर-खाली ठेवणे शहाणपणाचे.

एक्सपोजर किती आणि फोटो किती?

पिंड प्रतिमेच्या रुंदीइतका सरकायच्या आत शटर बंद व्हायला हवे. हवा स्थिर असेल आणि ताऱ्याची रुंदी ०.७ विकला असेल, तर ताशी ३ विकला चालणाऱ्या पिंडाला तेवढे सरकायला १४ मिनिटे लागतात. त्यापलीकडे एक्सपोजर वाढवले, तर पिंडाचा प्रकाश नव्या पिक्सेलवर जातो आणि आकाशाचा उजेड मात्र सगळ्याच पिक्सेलवर साठत राहतो. म्हणून व्यवहारात ५ मिनिटांच्या आसपासचे एक्सपोजर आणि लाल फिल्टर वापरतात. हे पिंड सूर्यापेक्षा तांबूस असतात, लाल पट्ट्यात संवेदक चांगला चालतो आणि हवेची थरथरही निळ्यापेक्षा कमी जाणवते.

एकाच क्षेत्राचे किमान तीन फोटो, साधारण तासातासाच्या अंतराने घ्यावेत. दोन पुरत नाहीत. कुठलेही दोन ठिपके जोडून रेषा काढता येते. तिसरा ठिपका त्याच रेषेवर, योग्य अंतरावर आणि तेवढ्याच तेजाचा असेल तरच ती चाल समजायची. त्या तासाभरात कॅमेरा रिकामा बसत नाही, शेजारची क्षेत्रे टिपून परत येतो. २०१३ पासून कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीवर चाललेल्या ऑसॉस सर्वेक्षणाने याच तिहेरी पद्धतीने आठशेहून अधिक पिंड शोधले.

फोटो आल्यावर पुढे काय?

क्रम ठरलेला आहे. बायस (संवेदकाचा मूळ शून्यांक) आणि फ्लॅट (पिक्सेलांची असमान संवेदनशीलता) यांची दुरुस्ती. मग प्रत्येक फोटो गाया उपग्रहाच्या तारकासूचीला जुळवणे. मग त्याच भागाच्या जुन्या फोटोंपासून केलेला संदर्भफोटो नव्यातून वजा करणे, म्हणजे तारे आणि दीर्घिका नाहीशा होऊन फक्त बदललेले उरते. उरलेल्या ठिपक्यांची यादी करून त्यांतून सरळ, एकसमान चाल शोधणे.

घोळ होतो तो वजाबाकीत. तीन चुका नेहमीच्या:

संदर्भफोटो त्याच रात्रीच्या फोटोंपासून केलेला असतो. मग मंद पिंड संदर्भफोटोतही थोडाफार उतरतो आणि स्वतःलाच वजा करतो. तीनशे एककांवरचा पिंड चार तासांत दोन विकलाही सरकत नाही, त्याचा मोठा भाग असा गायब होतो. संदर्भफोटो वेगळ्या महिन्यातला, शक्यतो वेगळ्या वर्षातला हवा.

दोन फोटोंतील ताऱ्यांची रुंदी नीट जुळवलेली नसते. मग प्रत्येक तेजस्वी ताऱ्याच्या जागी कंकण उरते.

तारा क्षितिजाकडे झुकला की वातावरण त्याचा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे तारे वेगवेगळे सरकतात आणि वजाबाकीनंतर अर्धा पांढरा, अर्धा काळा असा जोडठिपका राहतो. दर तासाला हा परिणाम थोडाथोडा बदलत जातो, त्यामुळे तो चालीसारखा भासतो. क्षेत्र माथ्याजवळ असताना फोटो घेणे हा त्यावरचा सोपा उपाय.

बाकी वैश्विक किरण, उपग्रहांच्या रेघा, तेजस्वी ताऱ्यांची भुते आणि तापलेले पिक्सेल हे नेहमीचे पाहुणे. प्रत्येक फोटोच्या वेळी दुर्बिणीचा रोख काही विकला हलवला, की तापलेला पिक्सेल ताऱ्यांच्या संदर्भात उडी मारतो आणि ओळखू येतो. मात्र ही हलवाहलव एकाच दिशेत, समान टप्प्यांनी केली, तर तोच तापलेला पिक्सेल सुबक चालीचा पिंड बनतो. हलवताना क्रम वेडावाकडा ठेवा.

एकाही फोटोत न दिसणारा पिंड सापडू शकतो म्हणतात. ते कसे?

फोटो सरकवून एकावर एक रचायचे. समजा पिंड ताशी ३ विकला पश्चिमेकडे चालतो. मग दर तासानंतरचा फोटो ३ विकला पूर्वेकडे सरकवून बेरीज केली, तर पिंडाचा प्रकाश एकाच जागी साठतो आणि नॉइज (पिक्सेलांतले अनियमित चढउतार) सरासरीत विरघळतो. १०० फोटोंनी संकेत आणि नॉइज यांचे गुणोत्तर १० पट वाढते, म्हणजे अडीच प्रती जास्त खोल दिसते.

अडचण अशी की पिंडाची चाल आधी माहीत नसते. त्यामुळे शक्य त्या सगळ्या चाली करून पाहाव्या लागतात. चार तासांच्या फोटोंसाठी वेगाची पायरी प्रतिमेच्या रुंदीला वेळेने भागून मिळते: ०.७ ÷ ४, म्हणजे ताशी ०.१७ विकला. ताशी १ ते ५ विकला वेग आणि आयनिकवृत्ताच्या दिशेपासून दोन्हीकडे थोडा कोन एवढी व्याप्ती धरली, तर २५०-३०० चाली होतात. हे एका ग्राफिक्स कार्डाचे काम आहे. पण फोटो तीन रात्रींत पसरलेले असतील, तर पायरी बारीक होते आणि चालींची संख्या वेळेच्या वर्गाने वाढून चाळीस हजारांच्या घरात जाते. त्यातच पिंडाची वाट सरळ राहत नाही. पृथ्वीच्या कक्षेमुळे ती वाकते आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे त्यात ०.२ विकलांपर्यंतची लहर मिसळते. सरळ रेषेवर रचणारी आज्ञावली अशा वेळी प्रकाश पसरवून टाकते आणि वापरणाऱ्याला वाटते की तिथे काही नव्हतेच.

दुसरा तोटा खोट्या शोधांचा. डार्क एनर्जी कॅमेऱ्याचे ५७ कोटी पिक्सेल गुणिले ३०० चाली म्हणजे १७ हजार कोटी चाचण्या. नॉइज अगदी आदर्श मानला, तरी ५ सिग्माच्या (नॉइजच्या सर्वसाधारण चढउताराच्या पाचपट) मर्यादेला त्यांतून सुमारे ५० हजार ठिपके निव्वळ योगायोगाने वर येतात. ६ सिग्माला दीडशे-पावणेदोनशे, ७ ला जवळपास एकही नाही. म्हणून एका फोटोत ५ सिग्मा पुरेसे वाटत असले, तरी रचलेल्या फोटोंत ६.५-७ च्या खाली उतरू नये. अडीच प्रतींच्या कमाईतला काही भाग असा परत द्यावा लागतो. खरा नॉइज आदर्श कधीच नसतो, हे वेगळेच.

या पद्धतीची ताकद २००३ च्या हबल शोधात दिसली. चौरस अंशाचा अवघा पन्नासावा भाग पाहिला, पण २९ व्या प्रतीपर्यंत. तीन नवे पिंड सापडले. त्या खोलीला जुन्या अंदाजाने कितीतरी जास्त अपेक्षित होते. लहान पिंडांची संख्या आकार घटताना त्याच चढाने वाढत राहत नाही, ती मध्येच मंदावते, हे त्यातून कळले.

सापडले नाहीत म्हणजे नाहीतच, हे कसे ठरवायचे?

फोटोंत स्वतःच खोटे पिंड पेरायचे. वजाबाकीच्या आधी, कच्च्या फोटोंमध्ये, वेगवेगळ्या प्रती आणि चाली देऊन हजारोंनी पेरायचे आणि ते कुठे आहेत हे शोधणाऱ्यांपासून लपवून ठेवायचे. मग आज्ञावली आणि माणसे मिळून त्यांतले किती पकडतात ते प्रतवार मोजायचे. तेजस्वी पिंडांसाठी हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. ते १०० होत नाही, कारण काही पिंड ताऱ्यांमागे किंवा दोन चिपांमधल्या फटीत जातात. अंधुकाकडे जाताना ते एकदम कोसळते. निम्मे पकडले जातात ती प्रत म्हणजे सर्वेक्षणाची खरी मर्यादा.

पेरणी वजाबाकीनंतर केली, तर वजाबाकीत होणारे नुकसान मोजलेच जात नाही आणि मर्यादा प्रत्यक्षापेक्षा खोल वाटते. आकाशात असे किती पिंड आहेत हे सांगणारा प्रत्येक आकडा या एका आलेखाने भागून काढलेला असतो. हा आलेख न देणारी पिंडांची यादी पिंड दाखवायला ठीक आहे, मोजणीसाठी निरुपयोगी.

पिंड सापडला. आता झाले ना?

नाही. आता अवघड निम्मे काम सुरू होते. एका रात्रीच्या तीन ठिपक्यांवरून अंतर साधारण १० टक्क्यांत कळते आणि कक्षेचा कलही ढोबळ समजतो. कक्षा गोल आहे की लांबट हे मात्र कळत नाही. पिंड ४३ एककांच्या वर्तुळावर आहे, की शेकडो एककांपर्यंत जाणाऱ्या कक्षेच्या जवळच्या टोकाला, हे दोन्ही पर्याय एका रात्रीच्या माहितीत सारखेच बसतात.

म्हणून पाठपुरावा वाढत्या अंतराने करावा लागतो: त्याच आठवड्यात एकदा, मग महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी पिंड स्तंभी व्हायच्या सुमारास, आणि मग पुढच्या वर्षीच्या प्रतियुतीला. प्रत्येक टप्प्याची निरीक्षणे पुढच्या टप्प्यासाठी शोधक्षेत्र लहान करतात. एक टप्पा चुकला, की अनिश्चितता कॅमेऱ्याच्या दृश्यक्षेत्राबाहेर जाते आणि पिंड हरवतो. दोन प्रतियुतींची चांगली निरीक्षणे असली, की कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (कक्षेच्या लांबीचा निम्मा भाग) ०.१ टक्क्यापर्यंत मिळतो. पिंड नेपच्यूनशी ३:२ अनुनादात (नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत पिंडाच्या दोन), म्हणजे ३९.४ एककांवर, अडकला आहे की नुसता शेजारून जातो, हे ठरवायला एवढी अचूकता लागते.

यात एक छुपा सापळा आहे. पुढच्या वर्षी कुठे बघायचे हे ठरवताना बहुतेकजण गोल कक्षा गृहीत धरतात. त्यामुळे गोल कक्षेचे पिंड अपेक्षित जागी सापडतात आणि लांबट कक्षेचे, म्हणजे सर्वांत रंजक असलेलेच, हरवतात. मग उरलेल्या यादीकडे पाहून निष्कर्ष निघतो की बहुतेक कक्षा गोल आहेत! उपाय एकच: सापडलेल्या प्रत्येक पिंडाचा, कुठलेही गृहीतक न धरता, मोठ्या दृश्यक्षेत्राच्या कॅमेऱ्याने पाठपुरावा करणे.

नवव्या ग्रहाच्या चर्चेशी याचा काय संबंध?

अगदी थेट. २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राऊन यांनी मांडले की अतिदूरच्या काही पिंडांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात आणि त्यामागे न दिसलेला मोठा ग्रह असावा. पण असे पिंड उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागी, असतानाच दिसतात. सेडनाचा उपसूर्य ७६ एककांवर आहे आणि एक फेरी सुमारे ११ हजार वर्षांची, म्हणजे ती बहुतेक काळ आपल्या आवाक्याबाहेरच असते. दुर्बीण कुठल्या ऋतूत, कुठल्या गोलार्धातून, आकाशगंगा टाळून कुठे पाहत होती, यावर कोणत्या दिशेचे उपसूर्य सापडणार हे ठरते. ऑसॉस आणि डार्क एनर्जी सर्वेक्षण यांनी आपापल्या निरीक्षणांतले असे कल हिशोबात घेऊन तपासले, तेव्हा त्यांच्या पिंडांत झुकावाचा ठोस पुरावा मिळाला नाही. ग्रह नाहीच असे त्यातून सिद्ध होत नाही. जुन्या याद्यांतल्या पिंडांवरून ग्रह असल्याचे अनुमान काढणे मात्र दिसते तेवढे भक्कम नाही.

आकार प्रत्यक्ष मोजता येतो का?

दोन मार्ग. पहिला उष्णतेचा: ४३ एककांवरचा काळपट पृष्ठभाग सुमारे ४२ केल्विन तापमानाचा असतो आणि ७० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडतो. हे प्रारण आपले वातावरण अडवते, म्हणून हर्शेलसारखी अवकाश दुर्बीण लागते. परावर्तित प्रकाश आणि उष्णता दोन्ही हाती असले, की व्यास आणि परावर्तनक्षमता वेगवेगळे सुटतात.

दुसरा मार्ग पिधानाचा: पिंड ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद विझतो. प्रतियुतीच्या सुमारास पिंडाची सावली पृथ्वीवरून सेकंदाला सुमारे २५ किमी वेगाने धावते. तारा ४ सेकंद गेला, तर त्या ठिकाणावरून पिंडाची १०० किमीची जीवा (पिंडाला आरपार छेदणारी सरळ लांबी) मोजली गेली. सावलीच्या वाटेला आडवी अशी अनेक केंद्रे लावली, की बाह्याकृती मिळते. घड्याळ ०.१ सेकंद चुकले तर २.५ किमीची चूक होते, म्हणून जीपीएसवर बांधलेली वेळ हवी, संगणकाचे घड्याळ चालत नाही. १७ जुलै २०१७ रोजी अर्जेंटिनात ॲरोकॉथच्या वाटेवर दोन डझन फिरत्या दुर्बिणी मांडल्या होत्या. त्यांतल्या पाचांनी तारा विझताना टिपला आणि पिंड दोन गोळ्यांचा असावा हे यान पोहोचायच्या दीड वर्ष आधी कळले. क्वावार या पिंडाभोवतीचे कडेही पिधानातूनच सापडले.

एक-दोन किलोमीटरचे पिंड?

ते कुठल्याही दुर्बिणीला थेट दिसत नाहीत. हजारो ताऱ्यांवर सतत नजर ठेवायची आणि एखादा क्षणभर लुकलुकतो का ते पाहायचे. एवढ्या लहान पिंडाची सावली टोकदार नसते. ४३ एककांवर दृश्य प्रकाशाची विवर्तन लांबी (कडेने वळणारा प्रकाश सावली पुसट करतो ते अंतर) १.३ किमीच्या आसपास येते, म्हणून तारा पूर्ण विझत नाही, त्याचा प्रकाश कडेने थोडा उजळत मध्ये काही टक्के उतरतो. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपतो. सेकंदाला २० तरी मोजमापे हवीत.

हवेची थरथर अगदी असाच खेळ करते. त्यामुळे एका दुर्बिणीच्या नोंदीला किंमत नाही. किमान दोन, शक्यतो तीन दुर्बिणींत एकाच क्षणी तोच उतार दिसला पाहिजे. तैवानच्या टाओस प्रकल्पाला सात वर्षांच्या नोंदींत एकही घटना मिळाली नाही, आणि त्या शून्यातूनच पिंडांच्या संख्येची वरची मर्यादा ठरली. हबलच्या मार्गदर्शक संवेदकांच्या जुन्या नोंदींत २००९ मध्ये सुमारे अर्धा किमी त्रिज्येच्या पिंडाची खूण आढळली. जपानच्या मियाको बेटावरच्या २८ सेंमीच्या दोन दुर्बिणींनी १.३ किमी त्रिज्येचा एक उमेदवार टिपल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. एकेका घटनेवर उभे असलेले हे आकडे आहेत, ते तसेच वाचावेत.

रुबिन वेधशाळेने काय बदलेल?

संख्या. चिलीतल्या सेरो पाचोनवरचा ८.४ मीटरचा आरसा, ३२० कोटी पिक्सेलचा कॅमेरा, एका फोटोत सुमारे ९.६ चौरस अंश. एका क्षेत्राचे एका रात्रीत दोन फोटो, आणि १५ दिवसांत अशा तीन रात्री जुळल्या की पिंड नोंदवला जातो. पाठपुरावा वेगळा मागावा लागत नाही, कारण दुर्बीण तिथे परत परत येतच असते. ज्ञात संख्या काही हजारांवरून काही दहा हजारांवर जावी अशी अपेक्षा आहे. पण दोन फोटोंत अर्धा तास असेल, तर १५० एककांवरचा पिंड तेवढ्यात अर्धी विकलाच सरकतो. अतिदूरच्यांसाठी रात्रींमधली जुळणी वेगळ्या रीतीने करावी लागेल.

हौशी निरीक्षकाला यात काय करता येईल?

नवा पिंड शोधणे जवळपास अशक्य, ओळखीचे टिपणे नक्कीच शक्य. २५-३० सेंमीची दुर्बीण, थंड केलेला मोनोक्रोम कॅमेरा आणि अंधारे आकाश असेल, तर प्लूटो (१४.४ च्या आसपास) सोपा, माकेमाके आणि हौमेया (१७ च्या आसपास) जमण्याजोगे, एरिस (१८.७) कसोटी पाहणारा.

एका पिक्सेलवर १ ते १.५ विकला येतील अशी नाभीय लांबी निवडा. ६० सेकंदांचे ३० फोटो घेऊन ताऱ्यांवर रचा. अर्ध्या तासात माकेमाके सव्वा विकलाच सरकतो, म्हणून पिंडामागे दुर्बीण चालवण्याची गरज नाही. दुसऱ्या रात्री त्याच वेळी तेच क्षेत्र घ्या. प्रतियुतीजवळ तो सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला सरकलेला असेल आणि दोन्ही फोटो आलटून पालटून पाहताना लगेच डोळ्यांत भरेल. खगोलीय पंचांगातली जागा आणि फोटोतला ठिपका जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. १९ व्या प्रतीला तिथे एखादा तारा असणे अगदी सहज शक्य आहे. दुसऱ्या रात्री जुनी जागा रिकामी दिसली तरच खरे.

जागा मोजताना ॲस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर ही आज्ञावली वापरता येते, तारकासूची गायाचीच निवडा. वेळेची चूक इथे फारशी नडत नाही: एक मिनिट चुकले तरी ०.०४ विकला. पिधानाची गोष्ट नेमकी उलट. मोजमापे मायनर प्लॅनेट सेंटरकडे (अशा पिंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक केंद्राकडे) पाठवायची, तर आधी वेधशाळा संकेतांक लागतो. त्यासाठी क्रमांकित लघुग्रहांची काही रात्रींची नीट मोजमापे द्यावी लागतात, आणि ती एका विकलेच्या आत बसली पाहिजेत. मोठ्या पिंडांच्या पिधानांत मात्र हौशींची खरी गरज असते, कारण सावलीची वाट बहुधा मोठ्या वेधशाळांवरून जात नाही. तिथे २० सेंमीची दुर्बीण, जीपीएस वेळ आणि सावलीच्या पट्ट्यात गाडीने पोहोचण्याची तयारी एवढे पुरते. तारा विझलाच नाही, तरी ती नोंदही पाठवा. पिंडाची कड कुठे संपते हे न विझलेल्या ताऱ्यावरूनच कळते.